भागूबायचं एकच खोटं

भागूबाय कुठल्याही जिवाची ओळख तो कसा लागतो यावरून करून द्यायच्या. चिखलात चिंबोरी दिसली की म्हणायच्या, "ही रश्श्याची. हातात घेऊन वजनाला जर लागली तरच घ्यायची, नायतर आत नुसता पानी." कालवं दिसली की म्हणायच्या, "ही दगराला चिकटतात. कोयत्यानं फोरायची आन् वाटनात टाकायची." त्यांच्या बोलीत ड आणि ढ चा र व्हायचा आणि ळ चा ल. खाडीला त्या 'खारी' म्हणायच्या आणि झाडाला 'झार'. एकदा पक्षी बघायला आलेल्या एका गृहस्थांनी लांब चोचीच्या पक्ष्याकडे बोट दाखवून त्याचं स्थानिक नाव विचारलं. भागूबायंनी डोळ्यांवर हात धरून पक्षी नीट पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याचं नाव मना ठाव नाय. ह्याला आमी खात नाय." गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी त्या रिसॉर्टची मॅनेजर होते. घोडबंदरच्या बाजूला, खाडीच्या काठावर ते आहे. नाव सांगत नाही, पण नावात समुद्र होता. प्रत्यक्ष समुद्र तिथून होडीनं गेलं तरी चांगलाच लांब. एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला तिवरांचं राखीव जंगल. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात मुळं वर काढून उभी राहणारी झाडं. या जंगलाच्या कडेनं एक लाकडी पायवाट बांधायची परवानगी मालकांना मिळाली होती, आणि पायवाटेवर पाहुण्यांना फिरवायला गावातलंच माणूस ठेवायचं अशी त्यात अट होती. भागूबाय आमच्या स्वयंपाकघरात मासळी द्यायला यायच्या. त्या दारात उभ्याच होत्या, म्हणून त्यांनाच विचारलं.

त्याआधी मी नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं रिसेप्शनला होते. दुखणाऱ्या माणसांशी गोड बोलायची सवय असल्यामुळे मला ही नोकरी मिळाली. भागूबायंना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी नियमांचा एक कागद केला आणि त्यांना वाचून दाखवला. प्राण्यांना हात लावायचा नाही. पाहुण्यांना पायऱ्या सांभाळायला सांगायचं. चुकीची माहिती द्यायची नाही. सतत हसतमुख राहायचं. पहिले तीन नियम त्यांना मान्य झाले. चौथ्यावर त्या म्हणाल्या, "हसायला काय झाला ते सांग, मंग हसंन."

मी त्यांना अहो-जाहो करायचे आणि त्या मला अगं-तुगं. मालकांनी त्यांना सांगितलं की मॅनेजरला मॅडम म्हणायचं. तेव्हापासून त्या मला 'मॅडमबाय' म्हणू लागल्या, पण अगं-तुगं तसंच राहिलं. गणवेश म्हणून हिरवा टीशर्ट दिला होता, त्यावर रिसॉर्टचं नाव होतं. तो त्यांनी काष्टा मारलेल्या लुगड्यावर चढवला आणि शेवटपर्यंत घातला. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे असावं. नक्की त्यांनाही माहीत नव्हतं. मालकांनी माहितीपत्रकावर त्यांचा फोटो छापला. त्यात त्या कॅमेऱ्याकडे न बघता पाण्याकडे बघत आहेत, कारण भरती लागली होती.

पहिल्याच महिन्यात मी पायवाटेवरून खाली चिखलात उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पाय उपसायला गेले तशी आणखी रुतले. भागूबाय वरून शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, "ओरू नको, जास्त जाशील. पाय वाकरा कर. टाच आदी कार." मी तसं केलं आणि पाय निघाला. चप्पल तिथेच राहिली. ती काढायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. "तिला ऱ्हाऊ दे, ती काय मरत नाय," म्हणाल्या.

त्यांचा नवरा याच खाडीत गेला होता, होडी उलटून. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं, कोळंबी सोलता सोलता. मी त्यांना खाडीची भीती वाटते का विचारलं, तर म्हणाल्या, "खारीला आपला काय कलत नाय. आपन आलो काय आन् गेलो काय." मग त्यांनी माझा नवरा काय करतो ते विचारलं. मी म्हणाले, आम्ही वेगळे राहतो. मी आणि मुलगी वर्तकनगरला भाड्यानं राहतो. त्या "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर केळीच्या पानात बांधलेली साफ केलेली मासळी आणून ठेवली. माहेरचं माझं घर शाकाहारी, त्यामुळे मला मासळी साफ करता येत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती पुडी यायची. मी ती घ्यायला कधी नको म्हणाले नाही, कारण मुलीला मासे फार आवडायचे.

जंगलाच्या तोंडाशी सरकारी पाटी होती, राखीव क्षेत्राची. पाहुण्यांना ती पाटी दाखवून भागूबाय म्हणायच्या, "आदी हितं आमी होतो, पाटी नवती. माजी सासू हितून चुलीला लाकरं न्यायची. वाललेली न्यायची, वली तोरायची नाय. आता पाटी हाय." त्यांना पाटीचा राग आहे की कौतुक, हे कोणालाच कळायचं नाही. मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "पाटी बरी हाय. वाचता येतंय त्यांच्यासाठी हाय."

मालक वाईट माणूस नव्हते. हळू बोलायचे. दिवाळीला सगळ्यांना मिठाईचा डबा आणि बायकांना साडी द्यायचे. त्यांचा एकच ध्यास होता, तो म्हणजे व्ह्यू. लग्नाच्या लॉनवर स्टेज बांधलं की मागे पाणी दिसायला हवं, आणि दिसायची ती तिवरं. नवरानवरीच्या फोटोत मागे झुडपं येतात अशी तक्रार दोनतीन पार्ट्यांनी केली होती. झाडं राखीव क्षेत्रातली. तोडायला परवानगी लागते आणि ती मिळत नाही. पण झाडाला सुकायला परवानगी लागत नाही. हे मालकांना कोणीतरी सांगितलं असावं.

लॉनच्या पलीकडून भरतीचं पाणी त्या झाडांपर्यंत नेणारी एक अरुंद वाट होती. एका सकाळी तीन डंपर आले आणि त्यांनी त्या वाटेच्या तोंडाशी माती आणि पाडकामाचा राडारोडा टाकून बांध घातला. एक डंपर भागूबायंचा मुलगा हरेश चालवत होता. गाडी त्याचीच होती. मी ऑफिसच्या खिडकीतून सगळं बघत होते. काम संपल्यावर मालकांनी सांगितलं म्हणून मी त्या तिघांना चहा दिला. हरेशनं माझ्याकडे न बघता कप घेतला. भागूबायंची त्या दिवशी सुट्टी होती. भाचीच्या घरी बारसं होतं.

पंधरा दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, कारण चिखलातले निवटे दिसेनासे झाले. निवटा म्हणजे चिखलावर उड्या मारणारा बोटाएवढा मासा. त्याचं त्या पाहुण्यांना सांगायच्या की काटा फार, पण तळला तर चालतो. निवटे कुठे गेले ते बघत त्या बांधापर्यंत पोहोचल्या. घरी जेवताना त्यांनी हरेशला विचारलं आणि त्यानं सांगितलं. ते खोटं बोलणारं घरच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या की पाणी आत येत नाही, झाडं मरतील. मालक म्हणाले, बघतो. मग त्या माझ्याकडे आल्या आणि तेच म्हणाल्या. मीही म्हणाले, बघते.

थंडी लागेपर्यंत पानं पिवळी पडली आणि होळीपर्यंत पहिली रांग वाळली. स्टेजच्या मागे पाणी दिसू लागलं. मालक एक दिवस फोटोग्राफरला घेऊन लॉनवर बराच वेळ उभे होते.

त्याच सुमारास इंटरनेटवर आमच्याबद्दल एका पाहुण्यानं लिहिलं: जेवण ठीक, खोल्या स्वच्छ, गाईडबाई अतिशय प्रामाणिक, त्यांनी मालकांनी मारलेली झाडंही दाखवली. मालकांनी मला ते वाचून दाखवलं. मी त्या दिवशी दुपारी भागूबायंच्या फेरीत मागे जाऊन उभी राहिले. त्या नेहमीसारख्या चालल्या होत्या. कालवं झाली, चिंबोरी झाली, मग वाळलेल्या रांगेपाशी थांबून त्याच आवाजात म्हणाल्या, "ही झारं मालकांनी मारली. पानी बंद केला. आता हितून पायरी हाय, सांभाला."

फेरी संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि हे सांगू नका म्हणाले. त्यांना माझं म्हणणं खरोखर समजलं नाही. "चुकीचा काय बोल्ली?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चुकीचं नाही, पण. त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला थांबल्या.  दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं. मालकांना त्यांना काढता येईना, कारण परवानगीत त्यांचं नाव होतं आणि माहितीपत्रकावर फोटो.

शेवटी एका निवृत्त शिक्षिकेनं, जी डोंबिवलीहून भिशीच्या मैत्रिणींबरोबर आली होती, घरी जाऊन वनखात्याला पत्र लिहिलं. चौकशीला एक अधिकारी आणि दोन कर्मचारी आले. त्याआधी मालकांनी मला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे केला. 'सदर बांध पूर्वापार असून माझ्या कार्यकाळात तेथे कोणताही भराव टाकण्यात आलेला नाही.' मालक म्हणाले, फक्त सही. तुमची मुलगी यंदा दहावीला ना, म्हणाले. धमकी दिल्यासारखं नाही, चौकशी केल्यासारखं. मी कागद वाचला. 'कार्यकाळात'मधला एक काना राहिला होता. तो मी पेनानं दिला आणि खाली सही केली.

भागूबायंचा जबाब रिसेप्शनमध्येच झाला. त्या चिखलातून आल्या होत्या, म्हणून सोफ्यावर बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं की बांध कोणी घातला.

"माज्या पोरानं," त्या म्हणाल्या. "हरेश नाव. डंपर त्याचाच. आनखी दोन होते, त्यांची नावं तो सांगंल."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"ह्यांच्या." चिंबोरी दाखवतात तशाच हातानं त्यांनी मालकांकडे दाखवलं. मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

अधिकारी लिहून घेत होते. मग त्यांनी माझा कागद वर काढला आणि म्हणाले की मॅनेजरबाई रोज इथे असतात आणि त्यांनी लिहून दिलंय की भराव टाकलाच नाही. खोटा जबाब देणं गुन्हा आहे, असंही ते म्हणाले, माझ्याकडे बघून.  भागूबायंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझी पाळी. हरेशनं त्यांना त्या चहाचं सांगितलं नसेल असं होणार नाही.

"त्या दिशी ती नवती," त्या म्हणाल्या. "तिच्या पोरीला ताप आलेला. दुपारची आली ती, तवर सगला झालेला. ती हाफिसात बसते, तिला खारीतला काय कलतंय."

अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं. माझ्या मुलीला त्या दिवशी ताप नव्हता. त्या वर्षात तिला एकदाही ताप आला नव्हता.

मी त्यांना मागच्या नळावर गाठलं. त्या पाय धूत होत्या. मी विचारलं, असं का केलंत? पोटच्या मुलाचं नाव घेतलंत आणि मला वाचवलंत. त्यांनी दुसरा पाय नळाखाली धरला.

"हरेश माजा हाय. त्याचा मी बघीन. तुजा कोन बघंल?"

त्यांना चार वाजताची फेरी होती, म्हणून त्या गेल्या. त्या दिवसापासून वाळलेल्या झाडांपाशी त्यांच्या बोलण्यात एक वाक्य वाढलं. "ही झारं मालकांनी मारली. माती माज्या पोरानं टाकली. सांभाला, पायरी हाय."

मी तीन दिवस कामावर गेले. पुडी आली, ती घरी नेली, मुलीनं खाल्ली.  चौथ्या दिवशी सुट्टी घेतली आणि वनखात्याच्या ऑफिसात जाऊन नवा जबाब लिहून दिला. मी हजर होते, मी पाहिलं, मी चहा दिला. आधीचा जबाब मी भीतीनं दिला होता. अधिकाऱ्यांनी वाचून विचारलं, "आणि ताप?" मी म्हणाले, नव्हता, भागूबायंचा गैरसमज झाला असावा. त्यांनी दोन्ही कागद टाचले आणि जा म्हणाले. त्याच दुपारी मी राजीनामा दिला. मालकांनी तो शांतपणे घेतला. निरोपाची भेट म्हणून रिसॉर्टचा एक फ्रेम केलेला फोटो दिला. फोटो जुना होता. त्यात तिवरं हिरवी होती.

भागूबायंना सांगायला मी त्यांच्या गावी गेले. त्या अंगणात सुकट निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं सूप पुरं निवडून संपवलं आणि मग म्हणाल्या, "आख्ख्या जल्मात मी एक खोटा बोल्ली. तेपन तू टिकू दिला नाय." मग सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगायला गेल्या आणि आठवलं की सून घरात नाही. हरेश बायकोला घेऊन आंबिवलीला मेव्हण्याकडे राहायला गेला होता. त्याचा डंपर जप्त झाला होता आणि त्यानं आईशी बोलणं टाकलं होतं. चहा त्यांनी स्वतःच केला.

बांध काढायचा हुकूम निघाला आणि तो काढलाही. मालकांना दंड झाला, तो त्यांनी भरला. पहिली भरती आत आली तेव्हा भागूबायंनी मला फोन करून बोलावलं होतं. आम्ही पायवाटेवर उभ्या राहिलो. पाणी आधी फेसासारखं आलं, कागद आणि बाटल्या पुढे ढकलत, आणि मग सगळीकडे पसरलं. भागूबाय म्हणाल्या, "आला." एवढंच. पहिली रांग काही जगली नाही. तिच्या मागच्या झाडांना पुढच्या पावसाळ्यात पालवी फुटली. भागूबाय कामावर राहिल्या. मालकांनीही त्यांना पुढे कधी काढलं नाही. पाहुणे त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचे.

मी वर्तकनगरात एका रक्त तपासणीच्या केंद्रात लागले आणि तिथे रक्त घ्यायला शिकले. भागूबाय अधूनमधून फोन करायच्या आणि हरेशची हकीकत सांगायच्या. त्या दर रविवारी रिक्षा आणि गाड्या बदलत आंबिवलीला जायच्या, मासळीची पिशवी दाराशी ठेवायच्या, कडी वाजवायच्या आणि कोणी दार उघडायच्या आत परत निघायच्या. मी म्हणाले, निदान थांबून बोला तरी. त्या म्हणाल्या, "मासे घेतात ना? मंग बोलनं चालूच हाय." असे आठ महिने गेले. एका रविवारी त्या बोई माशांची पिशवी ठेवून, कडी वाजवून वळल्या आणि मागून हरेशचा आवाज आला, "बोयटं बारीक हायत." ते त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? "बोल्ली, मोटी मिलाली नाय." पुढच्या महिन्यात तो बायकोसकट घरी आला.

गेल्या वर्षी भाद्रपदात भागूबाय गेल्या. दोन दिवस छातीत दुखत होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सुकट वाळत घालायला अंगणात गेल्या आणि तिथेच बसल्या. हरेशचा फोन आला तेव्हा मी कोणाचं तरी रक्त घेत होते. ते पूर्ण केलं आणि मग बाहेर येऊन बसले.

बाराव्याला मी गेले. अंगणात मांडव घातला होता आणि खाली चटया. बायका खूप होत्या, नात्यातल्या आणि गावातल्या. मी कुठे बसावं ते कळेना म्हणून कडेला उभी राहिले. एक म्हातारी, भागूबायंची मोठी नणंद असावी, माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं हरेशला मोठ्यानं विचारलं की ही कोण. माझ्या मनात आलं, मॅनेजर म्हणेल, मॅडम म्हणेल. किंवा त्याचा डंपर ज्या प्रकरणात गेला त्याच्याबद्दल काहीतरी म्हणेल.

हरेशनं हातातली पाण्याची कळशी खाली ठेवली. "ही ती," तो म्हणाला. "आई जिच्यासाठी खोटा बोल्ली ती."

अंगणातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मग ती म्हातारी चटईवर सरकली आणि आपल्या शेजारची जागा तिनं हातानं झाडून मोकळी केली.